मुलाच्या तपासणीची फाइल कोणाच्या हाती?

शाळेत मागे पडणाऱ्या मुलांच्या तपासणीबद्दल या खेपेला पुष्कळ पत्रे आली. त्यांपैकी चार येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिले आहे, कारण बाकीच्या पत्रांतील बऱ्याच शंकांचे मूळ त्यातच आहे.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेची मुख्याध्यापिका आहे. यंदा पाचवी ते नववीच्या वर्गशिक्षकांनी मिळून सात मुलांची नावे दिली आणि त्यांची तपासणी करून घ्यायला हवी, असे सांगितले. कोणी पालकांना तालुक्याच्या खासगी समुपदेशकाकडे पाठवले, कोणी थेट जिल्ह्याच्या रुग्णालयात. एका मुलाच्या वडिलांच्या तीन खेपा झाल्या, तीन दिवसांची मजुरी बुडाली आणि हाती आला तो फक्त ‘शाळेचा अहवाल आणा’ असा शेरा असलेला केसपेपर. दुसऱ्या एका मुलीचा अहवाल आला, पण तो वर्गशिक्षिकेपर्यंत पोहोचलाच नाही. हे काम कोणत्या क्रमाने करावे आणि ते कोणाकडे सोपवावे?

उत्तर : बाई, त्या वडिलांच्या तीन खेपांत तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. प्रत्यक्ष चाचण्यांना दोन-तीन बैठका लागतात; महिने जातात ते एका दारातून दुसऱ्या दारात जाताना. शिक्षकाला वाटते पालक पाहतील, पालकांना वाटते डॉक्टर सांगतील, डॉक्टर शाळेच्या कागदाची वाट पाहतात आणि शाळेला तो कागद मागितला आहे हेच ठाऊक नसते. म्हणून सर्वांत आधी शाळेतील एका व्यक्तीचे नाव ठरवा आणि ते लेखी ठरवा. सातही मुलांच्या फायली त्या एकाच व्यक्तीकडे, म्हणजे तुमच्या समन्वयकाकडे, असाव्यात. गट साधन केंद्राचे, म्हणजे शाळांना मदत करणाऱ्या तालुक्याच्या शिक्षण केंद्राचे, विशेष शिक्षक या कामात मोलाचे असतात, परंतु त्यांच्याकडे अनेक शाळा असल्यामुळे फाइल सांभाळण्याचे काम त्यांच्यावर टाकू नये. तुमच्याच शाळेतील, नोंदी नेटक्या ठेवणारा आणि पालकांशी आदराने बोलणारा शिक्षक किंवा शिक्षिका यासाठी निवडा, आणि त्या बदल्यात त्यांचे आठवड्याचे दोन तास मोकळे करा. तास मोकळे न करता दिलेली जबाबदारी कागदावरच राहते, हे मी अनेक शाळांत पाहिले आहे.

फाइलमधला पहिला कागद वर्गशिक्षकांचा. ‘वाचता येत नाही, लक्ष देत नाही’ या वाक्याचा तपासणाऱ्याला काहीही उपयोग होत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘तिसरीच्या पुस्तकातील साठ शब्दांचा उतारा वाचायला दिला, बावीस शब्द बरोबर वाचले, प्रत्येक जोडाक्षराशी अडखळला, तोच उतारा मी वाचून दाखवल्यावर मात्र त्यातील सगळा मजकूर स्वतःच्या शब्दांत सांगितला.’ या शेवटच्या ओळीत फार मोठी माहिती आहे. ऐकून समजते पण वाचून समजत नाही, असे मूल आणि ऐकूनही समजत नाही, असे मूल यांच्या तपासणीच्या वाटा वेगळ्या असतात. सोबत मागच्या दोन वर्षांच्या वह्यांची काही पाने जोडा. ब आणि व, भ आणि म, घ आणि ध यांची अदलाबदल, काने-मात्रे गळणे, फळ्यावरचे उतरवताना ओळी सुटणे हे त्यात दिसते. मात्र ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी पुरेशी असूनही वाचन, लेखन किंवा गणित न जमण्याची, खूण म्हणून मोजू नका. त्या चांगल्या लिहिणाऱ्या मोठ्या माणसांच्याही होतात. शिक्षकांना काय पाहावे हे सुचत नसेल, तर एनसीईआरटीने 2022 मध्ये आणलेली ‘प्रशस्त’ ही पडताळणी सूची वापरता येते. तिचा पहिला भाग वर्गशिक्षकांनी भरायचा असतो आणि दुसरा विशेष शिक्षक किंवा शाळाप्रमुखांनी. अशी सूची म्हणजे निदान नव्हे; पुढे कोणाकडे पाठवायचे एवढेच ती सांगते. त्यामुळे तिच्या आधारे मुलाला कोणत्याही नावाने हाक मारण्याचा किंवा तसे पालकांना सांगण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही.

त्यानंतर डोळे आणि कान. हा टप्पा इतका साधा आहे की तो नेमका सुटतो. मी ज्या शाळेत काम करत होते, तेथे सहावीतील एका मुलाची बुद्ध्यांक चाचणी आधी झाली आणि गुण खूप कमी आले. वर्षभर सगळे त्याच्याशी त्या आकड्याच्या हिशोबाने वागले. पुढे लक्षात आले की लहानपणापासून त्याचे दोन्ही कान वाहत होते आणि सूचना देणाऱ्याचे निम्मे शब्द त्याला ऐकूच जात नव्हते. उपचारानंतर सगळ्या चाचण्या पुन्हा घ्याव्या लागल्या. वाया गेलेले ते वर्ष त्याला परत मिळाले नाही, आणि फाइल माझ्याकडे असूनही मी तो क्रम तपासला नव्हता, याची टोचणी मला आजही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक शाळेत येते, तेव्हा या सात मुलांना नावानिशी त्यांच्यापुढे उभे करा. या कार्यक्रमाची सुरुवात 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्या पालघरमधूनच झाली. पथकाची भेट वर्षातून एकदाच असते, त्यामुळे ती हुकली असेल तर थेट ग्रामीण रुग्णालयातून नेत्रतपासणी आणि श्रवणतपासणी करून घ्या.

पालकांशी बोलणे हा वेगळा टप्पा मानू नका; ते अगदी पहिल्या आठवड्यापासून सुरू व्हायला हवे आणि त्यांच्या लेखी संमतीशिवाय पुढचे पाऊल टाकू नये. प्रगतिपुस्तक वाटपाच्या दिवशी, इतर पालकांच्या देखत हा विषय काढू नका. शक्य असेल तर आई-वडील दोघांनाही बसवा, कारण बाळंतपण, झटके, बोलायला लागण्याचे वय, मोठे आजारपण, शाळा किती वेळा बदलली, घरात कोणती भाषा बोलतात हे बहुतेकदा आईला ठाऊक असते आणि रुग्णालयात मुलाला घेऊन जातात ते वडील. ही माहिती तुमच्या समन्वयकाने एकदाच नीट लिहून घेतली, तर प्रत्येक खोलीत तेच ते पुन्हा सांगण्याचा त्रास वाचतो.

आता मानसशास्त्रीय आणि शैक्षणिक चाचण्या. विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी मुलाचे वय किमान 8 वर्षे असावे, असे ठरवले आणि बालरोगतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व विशेष शिक्षक अशा वेगवेगळ्या तज्ज्ञांचा त्यात सहभाग ठेवला. आधी बुद्ध्यांक पाहिला जातो आणि मग वाचन, लेखन व गणित यांच्या चाचण्या होतात. बुद्ध्यांकासाठी आपल्याकडे बराच काळ वापरात असलेली मालिन यांची भारतीय मुलांसाठीची चाचणी 1969 ची आणि नागपुरात तयार झालेली आहे. अध्ययन अक्षमतेसाठी बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणीमाला वापरतात. तपासणाऱ्याला तुमच्या समन्वयकाने एक प्रश्न आवर्जून विचारावा : चाचणी कोणत्या भाषेत घेणार? मराठी माध्यमातील मुलाला इंग्रजी शब्दांची यादी वाचायला देऊन काढलेला निष्कर्ष त्या मुलाविषयी काहीच सांगत नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या चार भाषांत तयार केलेली ‘डाली’ ही साधने 2015 पासून उपलब्ध आहेत. त्यांच्यात शिक्षकांनी वापरायची प्राथमिक पडताळणी पहिली-दुसरीसाठी वेगळी आणि तिसरी ते पाचवीसाठी वेगळी आहे. तुमच्या पाचवीतील मुलांसाठी ती विशेष शिक्षकांच्या मदतीने वापरून पाहावी.

पालकांना पाठवण्याआधी समन्वयकाने रुग्णालयात दूरध्वनी करून बाह्यरुग्ण विभागाचा वार आणि लागणारे कागद विचारून घ्यावेत. मग एकाच पाकिटात शाळेचा अहवाल, वह्यांच्या पानांच्या प्रती, दृष्टी-श्रवण तपासणीचे कागद, आधी कोठे दाखवले असल्यास ते अहवाल, जन्मतारखेचा दाखला आणि शाळेचा संपर्क क्रमांक असे सगळे घालून द्यावे. मूळ कागद पालकांकडे राहतील आणि प्रती शाळेत. एवढे केले असते, तर त्या वडिलांच्या दोन खेपा निश्चित वाचल्या असत्या.

अहवाल आल्यावर तो कपाटात जाऊ नये, यासाठी आठ दिवसांच्या आत बैठक ठेवावी. वर्गशिक्षक, भाषा आणि गणिताचे शिक्षक, पालक आणि जमल्यास विशेष शिक्षक एवढी माणसे पुरेत. बैठकीतून एका पानाचा कागद निघावा : या मुलाने कोठे बसायचे, कोणत्या विषयात तोंडी उत्तर चालेल, गृहपाठ किती कमी करायचा, आठवड्यातून कोणते दोन तास त्याला वेगळे शिकवायचे आणि तीन महिन्यांनी काय तपासायचे. हा कागद त्या मुलाला शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला द्यावा. बुद्ध्यांकाचा आकडा मात्र कोणाच्याही टेबलावर पडून राहू नये आणि शिक्षक-खोलीत तो कधीही उच्चारला जाऊ नये.

आणखी एक गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मदत देण्यासाठी प्रमाणपत्राची वाट पाहण्याची गरज नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या सोळाव्या कलमानुसार, सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी मुलांमधील अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखावी आणि ती दूर करण्यासाठी योग्य अध्यापन व इतर उपाय करावेत, यासाठी शासनाने प्रयत्न करायचे आहेत. परीक्षेतील सवलतींना प्रमाणपत्र लागते. पुढच्या बाकावर बसवायला, उतारा वाचून दाखवायला, फळ्यावरचे उतरवायला दहा मिनिटे जास्त द्यायला ते लागत नाही. शंका आली त्याच दिवशी हे सुरू करावे आणि त्याचा काय परिणाम झाला तेही फाइलमध्ये लिहावे. तपासणाऱ्यालाही त्या नोंदीची मदत होते.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. माझ्या चौथीच्या वर्गातील एका मुलीला अजून साधे शब्दही वाचता येत नाहीत. आई-वडील ऊसतोडीला जातात आणि दिवाळीनंतर तीही त्यांच्याबरोबर जाते, ती मार्चअखेरीस परतते. तिचे नाव तपासणीसाठी पाठवावे का? सहकारी म्हणतात की पाठवा, निदान सवलती तरी मिळतील.

उत्तर : सर, सवलत मिळावी म्हणून कोणत्याही मुलाचे नाव पाठवू नका. तुमच्या सहकाऱ्यांचा हेतू चांगला आहे. परंतु जे मूल शिकवलेच गेले नाही, त्याला शिकता येत नाही असे ठरवणे हा त्या मुलीवर दुहेरी अन्याय होईल. आधी पहिलीपासूनच्या हजेरीपटांतून ती प्रत्यक्ष किती दिवस वर्गात होती ते मोजा. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवसांची शाळा शिक्षण हक्क कायद्याने ठरवून दिली आहे. त्यातले निम्मे दिवस जरी ती दरवर्षी उसाच्या फडात असेल, तरी चौथीत बसलेल्या या मुलीचे खरे शिक्षण दुसरीपर्यंतच झालेले आहे. ती गेली त्या गावातील शाळेत शिक्षण हमी कार्डावर (स्थलांतरित मुलांना दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून दिलेल्या कार्डावर) बसली होती का, तेथे तिला कोणी शिकवले का, हेही विचारा. आई-वडील राजी असतील तर पुढच्या हंगामात तिला नातेवाइकांकडे किंवा हंगामी वसतिगृहात ठेवता येईल का, हा विचार आतापासूनच करायला हवा.

ती गावात असतानाचे आठ-दहा आठवडे तिला रोज अर्धा तास वेगळे बसवून अक्षरओळखीपासून शिकवा आणि दर शनिवारी किती अक्षरे, किती शब्द आले ते तारखेसह लिहा. तिच्यासारखीच गैरहजर राहिलेली तुमच्या वर्गातील इतर मुलेही या बैठकीला घ्या. ती मुले पुढे सरकली आणि ही मुलगी तेथेच राहिली, तर मात्र अजिबात थांबू नका. नोंदींसह तिचे नाव गट साधन केंद्राकडे द्या. तुमच्या त्या दहा शनिवारच्या नोंदी कोणत्याही चाचणीइतक्याच बोलक्या ठरतील.

यालाही अपवाद आहेत. तिचे बोलणे वयाच्या मानाने फार मागे असेल, हाक मारल्यावर ती वळून पाहत नसेल, झटके येत असतील, किंवा कपडे घालणे, पैसे ओळखणे अशा रोजच्या गोष्टीही तिला जमत नसतील, तर आठ आठवडे थांबण्याचे कारण नाही. वैद्यकीय पथकामार्फत तिला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे अशा मुलांची तपासणी व उपचार करणाऱ्या जिल्ह्याच्या केंद्राकडे, लगेच पाठवावे. आणि ती पुन्हा फडावर गेली, तरी फाइलची प्रत तिच्या आईच्या हाती द्या.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा सहा वर्षांचा असून पहिलीत आहे. घरी आम्ही मराठीच बोलतो. शाळेत जाईपर्यंत त्याला इंग्रजी फारसे येत नव्हते. बाईंनी त्याची तपासणी करून घेण्याचे सुचवले आहे आणि शाळेने संमतिपत्र पाठवले आहे. सासूबाई म्हणतात, ‘पोराच्या नावावर शिक्का बसेल, सही करू नका.’ यजमानांना वाटते की मराठी बोलल्यामुळेच हे झाले. आम्ही काय करावे?

उत्तर : ताई, आधी यजमानांची शंका. घरी मराठी बोलल्याने मुलाला अध्ययन अक्षमता येत नाही, त्यामुळे मराठी मुळीच थांबवू नका. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाची दुसरी भाषा सुरुवातीला कच्ची दिसते, हे स्वाभाविक आहे. प्रश्न एवढाच की शाळेला जे दिसते आहे ते इंग्रजी नवीन असल्यामुळे आहे की दोन्ही भाषांत आहे. याचे उत्तर तुमच्याखेरीज तेथे कोणीही देऊ शकत नाही. तो मराठीत आजीला गोष्ट क्रमाने सांगतो का? दोन-तीन सूचना एकदम दिल्या तर लक्षात ठेवतो का? यमक जुळणारे शब्द ओळखतो का? त्याच्या वयाच्या इतर मराठी मुलांसारखे बोलतो का? हे आजच उदाहरणांसह लिहून काढा. मराठीत सगळे व्यवस्थित असेल, तर शाळेने घाई करू नये असे सांगण्यास तुम्हाला आधार मिळेल. मराठीतही अडचण असेल, तर तपासणी टाळू नका.

अमेरिकेतील केंद्रीय कायद्यानुसार मुलाची तपासणी त्याच्या मातृभाषेत किंवा तो ज्या माध्यमातून संवाद साधतो त्यात व्हायला हवी. अगदीच अशक्य असेल तरच सूट असते. यामागे कटू अनुभव आहे. 1970 मध्ये कॅलिफोर्नियात डायना नावाने गाजलेल्या खटल्यात, स्पॅनिश बोलणाऱ्या नऊ मुलांना इंग्रजीतून घेतलेल्या चाचणीच्या आधारे मतिमंदांच्या वर्गात घातले होते. स्पॅनिशमधून पुन्हा चाचणी घेतल्यावर त्यांतली बहुतेक मुले त्या वर्गात बसणारी नव्हतीच असे दिसले. म्हणून सही करताना पत्रात स्पष्ट लिहा की मुलाची पहिली भाषा मराठी आहे, तपासणी दोन्ही भाषा ध्यानात घेऊन व्हावी आणि गरज असल्यास दुभाषा द्यावा. मात्र दुभाषा म्हणून स्वतः बसू नका. आईच्या तोंडून विचारलेल्या प्रश्नात नकळत मदत होते आणि मग निष्कर्षाला अर्थ उरत नाही.

तुमच्या राज्यात शाळेचे एक पथक हे काम पाहते : शाळेचे मानसशास्त्रज्ञ, अध्ययन अक्षमतेचे सल्लागार शिक्षक आणि सामाजिक कार्यकर्ते. तुमच्या बाबतीत त्यांतील कोण समन्वय करणार आहे, त्याचे नाव पहिल्याच बैठकीत विचारून घ्या. लेखी विनंती मिळाल्यापासून 20 दिवसांत शाळेला बैठक घ्यावी लागते. पालकांच्या संमतीपासून 90 दिवसांत तपासणी, निर्णय आणि मूल पात्र ठरल्यास त्याचा वैयक्तिक शिक्षण आराखडा अमलात येणे एवढे सगळे व्हायला हवे. अहवालांच्या प्रती निर्णयाच्या बैठकीच्या किमान 10 दिवस आधी तुम्हाला मिळायला हव्यात. त्या शांतपणे वाचा आणि प्रश्न लिहून न्या. निष्कर्ष पटला नाही, तर शाळेच्या खर्चाने स्वतंत्र तपासणी मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. त्यावर शाळेने एक तर ती करून द्यावी लागते किंवा आपली तपासणी योग्य होती, हे सुनावणीत सिद्ध करावे लागते.

सासूबाईंची भीती मी हलकी मानत नाही. त्यांच्या पिढीने शिक्का बसलेली मुले पाहिली आहेत आणि त्या मुलांसाठी कोणी काहीही केले नाही, हेही पाहिले आहे. त्यांना एवढेच सांगा की तपासणीला दिलेली संमती ही विशेष शिक्षण सुरू करण्याची संमती नसते. त्यासाठी शाळेला तुमची वेगळी सही लागते आणि ती न देण्याचे स्वातंत्र्य तुम्हाला शेवटपर्यंत असते. जमल्यास बैठकीला त्यांनाही घेऊन जा. नातू मराठीत कसा बोलतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

प्रश्न : माझ्या मुलाला नऊ वर्षांचा असताना अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र मिळाले. आता तो नववीत आहे आणि नुकताच चौदा वर्षांचा झाला. शाळा म्हणते की जुने प्रमाणपत्र चालेल, दहावीच्या वेळी पाहू. (एक पालक, ठाणे)

उत्तर : दहावीची वाट पाहू नका. 2018 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वयाच्या 14 व्या आणि पुन्हा 18 व्या वर्षी तपासणी करून नवे प्रमाणपत्र घ्यायचे असते. 18 व्या वर्षी मिळालेले आयुष्यभरासाठी असते. परीक्षेत ताशी 20 मिनिटांचा जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल, तर शाळेला प्रमाणपत्रासह विभागीय मंडळाकडे वेळेत प्रस्ताव पाठवावा लागतो आणि रुग्णालयांत नंबर लागायलाच काही महिने जातात. त्यामुळे याच सत्रात तारीख घ्या. जाताना पाचवीपासूनची प्रगतिपुस्तके, जुना अहवाल आणि यंदाच्या शिक्षकांची ताजी नोंद बरोबर ठेवा; जुन्या अहवालाचीच प्रत काढून शाळेने नवी तारीख घातली, तर ती स्वीकारू नका. आणि यावेळी मुलाशी आधी नीट बोला. नऊ वर्षांचा असताना त्याला कोणी काही विचारले नव्हते; आता त्याला स्वतःचे मत आहे. लेखनिक घ्यायचा की स्वतः लिहून फक्त जादा वेळ घ्यायचा, हे ठरवताना त्याचा शब्द शेवटचा असू द्या. शक्य असेल तर नववीच्याच घटक चाचण्यांत दोन्ही पद्धती वापरून पाहा, म्हणजे प्रस्तावात नेमके काय मागायचे ते प्रस्ताव पाठवायच्या आधीच त्याला कळलेले असेल.